वाय-फायचा पल्ला आणि घराच्या भिंती

आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचत नाही अशी तक्रार सुरू झाली की बहुसंख्य गृहस्थ दुकानाची वाट धरतात, आणि ज्या राउटरला अँटेना अधिक व ज्याची किंमत अधिक, त्याचा पल्लाही अधिकच असणार, अशा दृढ विश्वासाने तो घरी आणतात. हा विश्वास बव्हंशी निराधार आहे. राउटरने किती शक्तीने लहरी प्रक्षेपित कराव्यात याची कमाल मर्यादा सरकारी नियमांनी मुक्रर केलेली असून ती स्वस्त-महाग अशा दोहोंना सारखीच लागू आहे. शिवाय हा व्यवहार दुतर्फी असल्यामुळे, राउटरचा संदेश मोबाइलपर्यंत पोहोचला तरी मोबाइलच्या इवल्याशा अँटेनाचे क्षीण प्रत्युत्तर राउटरपर्यंत परत आले नाही, तर सारे व्यर्थ. जादा अँटेनांमुळे एकाच वेळी अनेक प्रवाह वाहतात व वेग वाढतो, हे खरे. पल्ल्यात मात्र माफकच भर पडते.

खरा अडसर भिंतींचा आहे. सळ्यांनी भरलेले काँक्रीट, कोकणातील जांभ्या चिऱ्याची जाड भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, ही सारी लहरींना शोषतात किंवा परतवतात. आणि कंप्रता जितकी अधिक तितकी ही हानी सामान्यतः अधिक. म्हणूनच 5 गिगाहर्ट्झ सर्वथा श्रेष्ठ, ही समजूतही अर्धसत्य होय. भारतात 2018 पासून हा पट्टा विस्तृत प्रमाणात परवानामुक्त झाला. त्यात जागा मुबलक आहे, उलट 2.4 गिगाहर्ट्झमध्ये परस्परांवर न चढणारे चॅनेल 1, 6 आणि 11 असे तीनच, आणि दाट वस्तीच्या सोसायटीत त्यांवर साऱ्या शेजाऱ्यांची गर्दी. तथापि दोन भिंतींपलीकडे बहुधा हा जुना पट्टाच टिकाव धरतो. दोन्ही हवेत.

फायबर जोडणारा कारागीर आपली तार जिथे आत येते तिथेच, म्हणजे पुष्कळदा दारामागील चपलांच्या कपाटावर, राउटर ठेवून जातो, आणि घरमालक ती जागा कायमची मानून चालतो. वस्तुतः घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर, उघड्या जागी तो आणला तर कित्येक घरांत नव्या खरेदीची गरजच उरत नाही. मोबाइलवरील एखाद्या मोफत ॲपने खोलीखोलीत संकेताच्या ताकदीचे मोजमाप घ्यावे: उणे 67 डीबीएम वा त्याहून बरा आकडा आला तर व्हिडिओ कॉल सहसा सुरळीत चालतो, उणे 80 च्या आसपास तो अडखळू लागतो.

मोजमापानंतरही एखादा कोपरा कोरडाच राहिला, तर रिपीटर नेमका त्या कोपऱ्यात लावणे ही सार्वत्रिक चूक टाळावी. जे स्वतःलाच नीट मिळत नाही ते तो पुढे काय देणार? त्याची जागा मधल्या वाटेवर. त्यातही एकाच रेडिओवर घेणे व देणे आळीपाळीने चालत असल्याने वेग जवळजवळ निम्मा होतो. मेश संच, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या राउटरांचा गट, हाही बिनतारी जोडणीवर चालवला तर भिंतींच्या जाचातून सुटत नाही. त्यातील राउटर एकमेकांना केबलने जोडले तरच त्याची किंमत वसूल होते, आणि साधी कॅट-6 केबल 100 मीटरपर्यंत हे काम चोख करते.

म्हणून ज्यांच्या घरी डागडुजीचे काम निघाले असेल, त्यांनी प्लास्टर होण्यापूर्वीच विजेच्या तारांपासून अंतर राखून केबलसाठी स्वतंत्र नळी प्रत्येक खोलीपर्यंत टाकून घेण्याची तजवीज अवश्य करावी.