ट्रंकेतले कागद काचेवर ठेवण्यापूर्वी

माळ्यावर नाहीतर देवघराखाली एक पत्र्याची ट्रंक खेड्यातल्या बहुतेक घरांत असते. तिच्यात धडुत्यात बांधलेले आजोबांचे खरेदीखत, वाटणीपत्र, कुणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला आणि तळाशी चार-सहा फोटो. वर्षानुवर्षे तिकडे कोणी फिरकत नाही. मग एक दिवस मुलाला जातवैधता लागते, किंवा बांधावरून भाऊबंदकी उठते, आणि ट्रंक खाली येते. कागद घेऊन माणूस तालुक्याला पळतो, तिथला पोरगा दोन मिनिटांत स्कॅन करून देतो, आणि घरी येऊन बघावे तर निम्मी अक्षरे गायब! कागदावर दिसतात, फाइलीत दिसत नाहीत.

वाचकहो, हा दोष बहुधा कागदाचा नसतो, स्कॅन करण्याचा असतो. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा दाखवावा लागतो. म्हणजे साठ-सत्तर वर्षांचा कागद. कोतवाल बुकातली एक ओळ, दाखल्यावरचा एक शब्द, यावर पोराचा प्रवेश अडतो. ती ओळ वाचता आली पाहिजे की नाही?

पहिली गोष्ट केंद्रावर बसल्याबसल्या सांगा : "दादा, रंगीत स्कॅन कर." बऱ्याच ठिकाणी फाइल लहान व्हावी म्हणून यंत्र 'ब्लॅक अँड व्हाइट'वर लावून ठेवलेले असते. त्यात यंत्राला दोनच गोष्टी कळतात, काळे आणि पांढरे. फिकट पेन्सिल, जांभळा शिक्का, तपकिरी पडलेली शाई या सगळ्यांना ते पांढऱ्यात ढकलते. आणि एकदा पांढरेफटक झालेले अक्षर नंतर कितीही खटाटोप केला तरी परत येत नाही. रंगीत स्कॅनमधून काळे-पांढरे केव्हाही करता येते, उलटे होत नाही. बारकाईचे माप, ज्याला डीपीआय म्हणतात, ते कागदासाठी ३०० ठेवावे. अक्षर बारीक किंवा मोडी असेल तर ४०० ते ६००. आणि जुना कागद वरच्या खाचेतून ओढून घेणाऱ्या यंत्रात घालू देऊ नका. घडीवर तुकडा पडतो. झाकण उघडून काचेवरच ठेवायला लावा. काच आधी पुसायची, हे सांगायला नको. पण पुसत कोणी नाही.

पातळ कागदाची आणखी एक खोड असते. मागच्या बाजूचे लिखाण पुढे उमटते आणि दोन्ही ओळी एकमेकींत घुसतात. याचा उपाय अगदी फुकटातला आहे. स्कॅनरचे झाकण आतून पांढरे असते, त्यावरून प्रकाश परत फिरतो आणि मागची अक्षरे उजळून दिसतात. कागदाच्या पाठीवर एक काळा कार्डपेपर ठेवा आणि मग झाकण लावा. कागद थोडा राखाडी दिसेल, पण मागची अक्षरे बरीचशी दबतील.

आता सुधारणेकडे वळू. 'लेव्हल्स' नावाची सोय जवळजवळ सगळ्या फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये असते. गिंप नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्यातही आहे. उघडले की डोंगरासारखा एक आलेख दिसतो. उजवीकडचा मोठा डोंगर म्हणजे कागद, डावीकडची टेकडी म्हणजे शाई. खाली तीन खुणा असतात. डावी खूण शाईची टेकडी सुरू होते तिथवर आणायची, उजवी खूण कागदाचा डोंगर उतरतो तिथवर. शाई गडद होते, कागद उजळतो. उजेडाची पट्टी नुसती ओढून कागद पांढरा करायला गेलात तर फिकट अक्षरही त्याच्याबरोबर जाते. उजवी खूण डोंगराच्या पोटात घुसवली तरी तेच होते, तेव्हा हावरटपणा नको.

आमच्याकडच्या कागदांवर मात्र एक निराळाच डाग असतो. लक्ष्मीपूजनाला दस्तांवर हळदकुंकू वाहायची रीत आहे. भक्ती म्हणून छानच, पण पन्नास वर्षांच्या पूजेने खरेदीखताचा वरचा कोपरा पिवळा-लाल होऊन बसतो आणि नेमके तिथेच नाव असते! याला एक युक्ती आहे. संगणकातले रंगीत चित्र म्हणजे लाल, हिरवी आणि निळी अशा तीन पाट्या एकावर एक ठेवलेल्या असतात. त्या सुट्या करता येतात; गिंपमध्ये त्याला 'डिकंपोझ' म्हणतात. त्यातली लाल पाटी तेवढी बघा. हळद आणि कुंकू दोन्ही लाल प्रकाश परत फेकतात, म्हणून त्या पाटीत ते कागदाइतकेच पांढरे दिसतात. काळी शाई मात्र काळीच राहते. मोडी कागद बहुधा काजळीच्या शाईने लिहिलेले, काजळी म्हणजे कोळसाच, तो शतकांनीही विटत नाही. डाग निघून जातो आणि खालून आजोबांचे नाव वर येते. ज्याने हे पडद्यावर पाहिले आहे त्यालाच त्याची गंमत कळेल.

पण जपून. लाल शाईने मारलेला शेराही त्या पाटीत दिसेनासा होतो आणि महसुलाच्या कागदांत लाल शाई पुष्कळ. अशा वेळी हिरवी किंवा निळी पाटी घ्या. इंग्रजी अमदानीतली लोखंडाची शाई तपकिरी पडून फिकटलेली असते, तीही निळ्या पाटीत जास्त उठून दिसते. जांभळ्या शिक्क्याखाली काळे अक्षर दडले असेल तर तेही निळ्या पाटीतच सुटे होते, कारण तिथे शिक्का फिका पडतो.

एवढे करताना एक मर्यादा कधीही ओलांडू नका. उजेड, काळोख, रंग यांत बदल करणे वेगळे आणि अक्षर कोरून काढणे वेगळे. पुसट 'कु'ला ठळक करायला म्हणून कोणी माऊसने रेघ ओढली, तर ती सुधारणा नव्हे, खाडाखोड झाली. पडताळणीत मूळ कागद समोर येतो आणि तफावत निघाली तर फौजदारी होऊ शकते. म्हणून मूळ स्कॅन जसाच्या तसा वेगळा ठेवा, सुधारलेली प्रत वेगळ्या नावाने. मोबाइलमधली 'एका बोटात फोटो नवा' करणारी नवी ॲप तर कागदाच्या वाऱ्यालाही फिरकू देऊ नका. जिथे अक्षर दिसत नाही तिथे ती आपल्या मनाने अक्षर बसवतात.

यंत्र मनाने आकडा बसवते हे ऐकून हसू येईल. पण २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांत हेच दाखवून दिले. घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या. फाइल लहान करताना यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा चिकटवत होते. सहाचा आठ होत होता आणि अक्षर मात्र स्वच्छ, सुबक, शंका येणार नाही असे. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. तरी स्कॅन हातात आला की गट नंबर, क्षेत्र आणि तारखा मूळ कागदाशी बोट ठेवून ताडून घ्या. गुंठ्याचा हिशेब आहे, गंमत नाही.

हे झाले कागदाचे. फोटोंचे दुखणे वेगळे. १९७०-८० च्या दशकातले लग्नाचे रंगीत फोटो आज बघा, सगळे वऱ्हाड लालसर-नारिंगी झालेले दिसेल. त्या काळच्या पुष्कळ फोटोकागदांतला निळसर रंग अंधारात, अल्बममध्ये ठेवूनसुद्धा विटतो. बाकीचे दोन टिकतात, म्हणून चित्र तांबडे होते. तेव्हा लेव्हल्समध्ये लाल, हिरवा, निळा असे एकेक घेऊन प्रत्येकाच्या दोन्ही खुणा आलेखाच्या टोकांशी आणाव्यात. मग पांढरे काय होते ते शोधा. नवरदेवाची टोपी, कुणाचे धोतर. ते पांढरे झाले की बाकीचे आपोआप ठिकाणावर येत जाते. नवरीचा चुडा हिरवा दिसायला लागला की समजा, गाडी रुळावर आली. तोंडावळा मात्र गोरा करू देऊ नका. स्टुडिओवाल्यांना ती सवयच आहे. आजी सावळी होती, तर सावळीच राहू द्या.

पुष्कळ घरांत गेलेल्या माणसाचा एकच फोटो असतो, तोही पासपोर्ट आकाराचा, कुठल्याशा अर्जावरचा. वर्षश्राद्धाला तो मोठा करून भिंतीवर लावायचा असतो. ३०० वर स्कॅन करून मोठा केला की तोंडाचे चौकोन पडतात. हाच फोटो १२०० डीपीआयवर घ्या. साडेचार सेंटिमीटर उंचीचे एकवीसशेच्या आसपास ठिपके होतात आणि सात इंच उंचीचा फोटो नीट छापला जातो. शिक्का तोंडावर आला असेल तर वर सांगितलेल्या पाट्या इथेही कामी येतात.

खरबरीत, दाणेदार कागदावरच्या फोटोत स्कॅन केल्यावर चमकणारे बारीक ठिपके येतात. तो एकदा सरळ आणि एकदा काटकोनात फिरवून स्कॅन करावा, ज्यात ठिपके कमी ती प्रत घ्यावी. फ्रेमच्या काचेला फोटो चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट बाहेर ओसरीत न्या, ऊन अंगावर न घेता सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून मोबाइल अगदी समोर सरळ धरून फोटो घ्या. काचेत तुमचीच सावली पडत असेल तर मोबाइलमागे काळे कापड धरा.

आणि ट्रंक उघडलीच आहे तर त्यातल्या बियाणे-खताच्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्याही त्याच दिवशी स्कॅन करून घ्या. ती छपाई उष्णतेची असते, वर्ष-दोन वर्षांत कोरी पडते. लॅमिनेशन करून जपू म्हणाल, तर त्या यंत्राच्या उष्णतेने अख्खी पावती काळी होईल.