आणीबाणीची बेगमी : घरांतील पहिला रेडिओ

मृग लागण्यापूर्वीं आपल्या घरांतून केवढी धांदल असते ! कौलें परतावयाचीं, सरपण आंत घ्यावयाचें, पापड-कुरडया डब्यांत भरावयाच्या, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधावयाचे. चार महिन्यांची ही बेगमी करण्यांत आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा हात धरणारें कोणी नाहीं. परंतु एका वस्तूचा विसर आपणां सर्वांनाच पडतो. ती वस्तु म्हणजे बातमी. धान्य संपलें तर शेजारून उसनें आणतां येतें. पण सारा गांवच अंधारांत बुडाला असतां बातमी उसनी मागावी कोणाकडे?

ता. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यास लागलें, तेव्हां माझी आई व थोरले बंधू त्याच भागांतील आमच्या जुन्या घरीं होतीं. आधीं वीज गेली, मागोमाग मोबाइल मुका झाला. दुपारीं वारा एकाएकीं पडला. वादळ सरलें असें समजून दादा गोठ्याकडे निघाले. आईनें मात्र त्यांचा हात धरून ठेवला. चक्रीवादळाच्या मध्यभागीं शांत असा 'डोळा' असतो व तो पुढें सरकला कीं वारा उलट दिशेनें पुन्हां सुटतो, हें त्या वेळीं दोघांनाही ठाऊक नव्हतें. थोड्याच वेळांत वारा परतला आणि गोठ्याची पडवी जमीनदोस्त झाली. घरांत रेडिओ नव्हता असें नाहीं. तो माळ्यावर होता. पण आंत विसरलेले सेल पाझरून त्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. इकडे पुण्यास आम्हीं दोन रात्री डोळ्यांस डोळा न लावतां काढल्या.

पुढें नवा रेडिओ घेण्याची गोष्ट निघाली तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, मोबाइल असतांना हें जुनें खूळ कशाला ?" त्याचें उत्तर सोपें आहे. मोबाइल जवळच्या मनोऱ्यावाचून बोलत नाहीं आणि मनोरा विजेवाचून फार काळ तग धरीत नाहीं. रेडिओला मात्र दोन सेल व कोठें तरी दूर उभें असलेलें एक केंद्र एवढें पुरतें.

तें केंद्र किती दूर असावें, हाच निवडीचा खरा प्रश्न होय. एफ्. एम्. च्या लहरी बहुतेक सरळ रेषेंत जातात. मध्यें सह्याद्रीचा कडा आला कीं त्या अडतात. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीच्या अंगानें शेंदीडशें किलोमीटर सहज जातात व रात्रीं त्याहून पुष्कळ दूर पोंचतात. शॉर्ट वेव्हची, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झची, तऱ्हाच निराळी. या लहरी आकाशांत उंचावर असलेल्या विद्युद्भारित थरावरून परततात व हजारों किलोमीटरांवर उतरतात. केंद्र संकटाच्या टापूबाहेर असल्यामुळें तें पुरांत बुडत नाहीं कीं भूकंपांत ढासळत नाहीं. सन २०२२ च्या मार्चमध्यें युक्रेनमधील युद्धाच्या प्रसंगीं बी. बी. सी. नें त्या देशासाठीं रोज चार तास इंग्रजी बातम्या शॉर्ट वेव्हवरून पुन्हां सुरू केल्या, त्या याच गुणामुळें.

तथापि वाचकांची फसगत होऊं नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शॉर्ट वेव्हचा पसारा आतां पुष्कळ आटला आहे. बी. बी. सी. ची हिंदी सेवा या लहरींवरून ता. ३१ जानेवारी २०२० रोजीं बंद झाली. आकाशवाणीचींही अनेक प्रक्षेपणें कमी झालीं. म्हणून केवळ शॉर्ट वेव्हचा रेडिओ घेणें शहाणपणाचें नव्हे. एफ्. एम्. गांवासाठीं, मीडियम वेव्ह प्रांतासाठीं आणि शॉर्ट वेव्ह हीं दोन्ही मुकीं झाल्यास जगासाठीं, अशीं तिन्ही अंगें ज्यांत आहेत तोच रेडिओ घरांत आणावा.

दुकानांत गेल्यावर प्रथम सेलचें घर उघडून पाहावें. बाजारांत कोठेंही मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारा रेडिओ सर्वांत भरंवशाचा; आंतच बसविलेली बॅटरी उतरली कीं विजेची वाट पाहावी लागते. हातानें फिरवावयाची कळ किंवा सूर्यप्रकाशावर चालणारी पट्टी असली तर उत्तम. पण ती सेलच्या जोडीला असावी, सेलच्या जागीं नव्हे. आंकडे दाखविणारा रेडिओ नवख्यास सोयीचा पडतो, कारण केंद्राचा आंकडा लिहून ठेवला कीं घरांतील कोणासही तो लावतां येतो. मात्र मीडियम वेव्हची पायरी ९ किलोहर्ट्झची ठेवावी. अमेरिकेंतील १० ची असल्यास आपलीं केंद्रें नीट लागत नाहींत. हौशी बिनतारीवाल्यांचें संभाषण ऐकावयाचें असेल तर 'एस्. एस्. बी.' ची सोय लागते. पहिल्या रेडिओस तिच्यासाठीं अधिक दाम मोजण्याचें कारण नाहीं.

घरीं आणल्यावर रेडिओ खिडकीपाशीं ठेवावा. सिमेंट-लोखंडाच्या भिंती लहरींस अडवितात. शॉर्ट वेव्हसाठीं दांडी पूर्ण उभारावी व तिला पांच-सात मीटर तार जोडावी. ती विजेच्या तारांपासून दूर असावी व मेघगर्जना होऊं लागतांच काढून घ्यावी. मीडियम वेव्हसाठीं दांडीचा उपयोग नसतो. त्याची कांडी आंतच असते, म्हणून रेडिओच फिरवून पाहावा. दिवसा १५ मेगाहर्ट्झच्या आसपास व रात्रीं ६ ते ९ च्या दरम्यान शोध घ्यावा. नव्या दिव्यांची व मोबाइलच्या चार्जरची खरखर रेडिओस फार बाधते. वीज गेली म्हणजे ती खरखरही जाते, आणि जेव्हां गरज अधिक तेव्हांच आवाज अधिक स्वच्छ येतो !

परंतु विकत घेतलेला रेडिओ म्हणजे बेगमी नव्हे. सेल बाहेर काढून रेडिओशेजारीं डब्यांत ठेवावे. महिन्यांतून एक संध्याकाळ ठरवून लहानथोरांनीं मिळून केंद्रें लावून पाहावीं. मुलांनीं आंकड्यांची वही ठेवावी.

आमच्या जुन्या घरीं आतां हा डबा लोणच्याच्या फडताळांत असतो. माळ्यावर ठेवूं नका, असें आईनेंच बजावलें. तिची दृष्टि अधू झाली आहे. पण मृगापूर्वीं बरण्या मोजतांना ती डब्यांतील सेलही हातानें चांचपून मोजते.