हार्पर्स फेरी : एका बंबखान्याची स्मृती

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या पूर्व टोकाला, पोटोमॅक आणि शेनँडोआ या नद्यांच्या संगमावर, जेमतेम तीनशे वस्तीचे हार्पर्स फेरी हे गाव वसले आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास रॉबर्ट हार्पर या कारागिराने येथे तर चालवली, म्हणून गावाला हे नाव पडले. नद्यांच्या पाण्याचे बळ पाहून जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सरकारी शस्त्रकारखान्यासाठी ही जागा निवडली आणि १७९९ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले. पुढे जॉन हॉल यांनी येथेच बंदुकीचे सुटे भाग यंत्रावर इतके अचूक घडवले की एका बंदुकीचा भाग दुसरीत सहज बसू लागला.

गावाचे नाव इतिहासात कोरले गेले ते मात्र या कारखान्यावरील हल्ल्यामुळे. गुलामगिरी शस्त्राखेरीज नष्ट होणार नाही, अशी धारणा असलेले जॉन ब्राउन १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री २१ पैकी १८ सहकाऱ्यांसह गावात शिरले. या सहकाऱ्यांत पाच कृष्णवर्णीय होते. शस्त्रागार ताब्यात घेऊन आसपासच्या गुलामांना उठावासाठी सज्ज करण्याचा त्यांचा बेत होता. परंतु या हल्ल्यातला पहिला बळी ठरला तो हेवर्ड शेफर्ड हा रेल्वेवर काम करणारा स्वतंत्र कृष्णवर्णीय, आणि अपेक्षित उठाव झालाच नाही. कारखान्याच्या बंबखान्यात, म्हणजे आग विझवण्याचे बंब ठेवण्याच्या लहानशा विटांच्या इमारतीत, अडकलेल्या ब्राउन यांना रॉबर्ट ली यांच्या नेतृत्वाखालील सैनिकांनी १८ तारखेस पकडले आणि २ डिसेंबरला त्यांना फाशी देण्यात आली. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्यांत यादवी युद्ध पेटले. त्या युद्धात हे गाव आठ वेळा या पक्षाकडून त्या पक्षाकडे गेले आणि कारखान्याची राखरांगोळी झाली.

तथापि गावाचा खरा वारसा त्या राखेनंतरचा मानावा लागेल. कारखान्याच्या अधिकाऱ्यांची टेकडीवरची निवासस्थाने १८६७ मध्ये स्थापन झालेल्या स्टोरर कॉलेजला मिळाली आणि जेथून शस्त्रांचा कारभार चालत असे, तेथे गुलामीतून मुक्त झालेल्यांची मुले शिक्षक होण्यासाठी शिकू लागली. हीच मुक्ती साधणाऱ्या अमेरिकी जनतेला जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला होता. स्वतः गुलामीतून निसटलेले थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी १८८१ मध्ये याच कॉलेजात जॉन ब्राउन यांच्यावर व्याख्यान दिले.

बंबखान्याच्या वाट्याला मात्र भटकंती आली. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने तो सुटा करून शिकागोला नेण्यात आला, तेथून परतल्यावर गावाबाहेरच्या एका शेतावर उभारला गेला, १९०९ मध्ये स्टोरर कॉलेजने तो आपल्या आवारात आणला आणि १९६८ मध्ये तो मूळ स्थानाजवळ परतला. नेमकी मूळ जागा रेल्वेच्या भरावाखाली गेली असल्याने तेथे तो उभारता आला नाही. तो शेतावर असताना, १९०६ च्या ऑगस्टमध्ये, समान नागरी हक्कांसाठी डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस आदींनी सुरू केलेल्या नायगारा चळवळीचे सदस्य पुण्यस्थळी जावे तसे अनवाणी त्याच्या दर्शनाला गेले.

या स्मृतीवर कोणाचा अधिकार, हा वादही येथेच झाला. १९३१ मध्ये दक्षिणेकडील पक्षाचा गौरव करणाऱ्या संघटनांनी शेफर्डच्या नावाने एक शिळा बसवली, आणि तिच्या मजकुरातून गुलाम मालकाशी एकनिष्ठ होते असा सोयीचा समज पसरवला. त्याला उत्तर म्हणून डू बॉईस यांनी ब्राउन यांच्या गौरवाचा फलक १९३२ मध्ये लिहिला. पण तो जहाल वाटल्याने कॉलेजच्या तत्कालीन प्रमुखांनी लावू दिला नाही. कॉलेज १९५५ मध्ये बंद पडले, त्याचे आवार राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात समाविष्ट झाले, आणि तो फलक अखेर २००६ मध्ये तेथे बसवण्यात आला.