मनोविकार व प्रायोगिक कला
मनोविकार व प्रायोगिक कला : मनोविकाराशी झगडत असता कलावंताने केलेली, रूढ आकृतिबंध मोडणारी निर्मिती व तिच्या आकलनाचे प्रश्न. प्रतिभा आणि वेड यांचे नाते प्राचीन काळापासून कल्पिले गेले आहे. तथापि विकार हेच निर्मितीचे कारण, असे म्हणता येत नाही. तीव्र आजारात काम बहुधा खंडित होते. ते पुढे चालू राहते ते उपचार, सवड आणि सोबत यांच्या आधाराने.

आडोल्फ व्हल्फ्ली (१८६४–१९३०) हा १८९५ पासून मृत्यूपर्यंत स्वित्झर्लंडमधील वाल्डाऊ मनोरुग्णालयात होता. चित्रे, गद्य, संगीतलिपी व कात्रणे यांची गुंफण असलेली सु. २५,००० पृष्ठे त्याने तेथे निर्माण केली. १९२२ मध्ये हान्स प्रिंट्‌सहोर्न या जर्मन मानसचिकित्सकाने मनोरुग्णांच्या चित्रांवर ग्रंथ लिहून त्यांच्या कलागुणांकडे लक्ष वेधले. उलट, नाझी राजवटीने ‘अधःपतित कला’ या फिरत्या प्रदर्शनात अशीच चित्रे आधुनिक कलेच्या निंदेसाठी वापरली. प्रिंट्‌सहोर्नने गौरविलेल्या फ्रान्ट्‌स कार्ल ब्यूलर या चित्रकाराची १९४० मध्ये मनोरुग्णांच्या संहारात हत्या झाली. कलाकृतीला केवळ लक्षण मानण्याची परिणती कोठवर जाऊ शकते, हे यावरून दिसते. जपानी कलावती यायोई कुसामा १९७७ मध्ये स्वेच्छेने टोकिओतील मनोरुग्णालयात राहावयास गेली व नजीकच्या स्टुडिओत तिने आपले काम चालू ठेवले.

महाराष्ट्राशी संबंधित लक्षणीय उदाहरण बंगाली चित्रपटदिग्दर्शक ऋत्विक घटक (१९२५–७६) यांचे होय. मेघे ढाका तारा (१९६०) या चित्रपटात नायिकेच्या व्यथेच्या क्षणी चाबकाचा फटकारा ऐकवून त्यांनी ध्वनीला स्वतंत्र अर्थ दिला. १९६०–७० या दशकाच्या मध्यास ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अल्पकाळ अध्यापक व उपप्राचार्य होते. मणी कौल, कुमार शहानी हे प्रयोगशील दिग्दर्शक त्यांचे तेथील विद्यार्थी. पुढे मद्यासक्ती व मानसिक अस्वास्थ्य यांमुळे १९६९ मध्ये त्यांना कलकत्त्याच्या मनोरुग्णालयात दाखल व्हावे लागले. तेथे सेई मेये हे नाटक लिहून त्यांनी ते रुग्णांकरवी सादर केले. जुक्ती तक्को आर गप्पो (१९७४) या अखेरच्या चित्रपटात मद्यपी बुद्धिवंताची भूमिका त्यांनी स्वतःच केली. आपल्या मोडलेपणाची कठोर तपासणी त्यात आहे. मात्र तिला रचनेची शिस्त आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या देवराई (२००४) या मराठी चित्रपटात कोकणातील देवराईने झपाटलेल्या छिन्नमनस्क तरुणाचे चित्रण सहानुभूतीने, परंतु बाहेरून केलेले आहे. घटकांनी तो अनुभव आतून मांडला.

विकाराचे उदात्तीकरण केल्यास कलावंत उपचारांना पारखा होण्याचा धोका असतो. विकाराच्याच चष्म्यातून पाहिल्यास त्याच्या श्रमांचे व निवडीचे श्रेय हिरावले जाते. अशा कलेचे मूल्यमापन इतर कलेच्याच निकषांवर करणे आणि उपचार हा कलावंताचा स्वतंत्र हक्क मानणे इष्ट होय. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ या भारतीय कायद्याने उपचारांचा व गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे.