गवताळ मैदानावरील एका शेतकरी घराण्याची वंशावळ

कुलवृत्तांत सिद्ध करण्याचे काम हाती घेणाऱ्याची पहिली भिस्त साहजिकच घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींवर असते. आजीने सांगितलेल्या हकिगती, आजोबांच्या हातचे एखादे टाचण, पोथीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेल्या जन्मतिथी, एवढ्या भांडवलावर चार पिढ्यांचा वंशवृक्ष सहज उभा राहतो. परंतु जे घराणे एका गावी स्थिर न राहता दर काही वर्षांनी गाडी जुंपून पुढे निघाले, त्याची आठवण कितपत विश्वसनीय मानावी? ती कोठे खरी ठरते, कोठे चुकते आणि कोठे मौन पाळते, हे एका उदाहरणावरून पाहावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरण आम्ही अमेरिकेतील गवताळ मैदानावरचे घेतले आहे. कारण त्या घराण्याची आठवण आणि त्याची कागदपत्रे या दोन्ही गोष्टी आज उपलब्ध असून त्या परस्परांशी ताडून पाहता येतात.

हे घराणे इंगल्स यांचे. चार्ल्स इंगल्स या शेतकऱ्याची दुसरी कन्या लॉरा इंगल्स वाइल्डर (1867–1957) हिने आपल्या बालपणाच्या आधारे लिहिलेल्या कादंबऱ्या जगभर वाचल्या गेल्या. त्यांपैकी ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ ही 1935 साली प्रसिद्ध झाली. या कादंबऱ्यांना अनेक वाचक त्या घराण्याचा इतिहासच समजतात. वंशशोधकाला मात्र तसे समजून चालत नाही.

वंशशोधनाची रीत अशी, की ज्ञात पिढीपासून आरंभ करून एकेक पायरी मागे जावे. चार्ल्स इंगल्स 1902 मध्ये दक्षिण डाकोटातील डी स्मेट येथे वारले. त्यांचा जन्म 10 जानेवारी 1836 रोजी न्यूयॉर्क राज्यातील क्यूबा या गावी झाला. त्यांचे वडील लॅन्सफोर्ड कॅनडात जन्मले होते, आणि घराण्याचा अमेरिकेतील मूळपुरुष एडमंड इंगल्स हा 1629 च्या सुमारास इंग्लंडातून येऊन मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे स्थायिक झाला होता. म्हणजे मैदानावर पोचण्यापूर्वीच हे घराणे दोन शतकांहून अधिक काळ हळूहळू पश्चिमेकडे सरकत आले होते.

1 फेब्रुवारी 1860 रोजी चार्ल्स यांचा विवाह कॅरोलाइन क्वायनर हिच्याशी विस्कॉन्सिनमध्ये झाला. येथे शोधकाने सावध असावे. चार्ल्स यांची बहीण पॉली ही कॅरोलाइनच्या भावाला, हेन्रीला, दिलेली होती आणि चार्ल्स यांचा भाऊ पीटर याने कॅरोलाइनची बहीण इलायझा हिच्याशी लग्न केले होते. आपल्याकडे ज्याला साटेलोटे म्हणतात तसाच हा प्रकार झाला. अशा तीन जोडप्यांची मुले एकमेकांची दुहेरी भावंडे लागतात. केवळ वडिलांकडची बाजू लिहून काढणाऱ्याला हे नाते कधीच उमगणार नाही. मैदानावरील वसाहतींत सोयरसंबंध हाच मोठा आधार असे; कोण कोणाबरोबर स्थलांतरास निघाले याचा उलगडा पुष्कळदा सासर-माहेरच्या नात्यावरूनच होतो.

आता साधनांकडे वळू. पहिले साधन दर दहा वर्षांनी होणाऱ्या खानेसुमारीचे. अमेरिकेत घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव लिहिण्यास 1850 पासून आरंभ झाला. कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते मात्र 1880 पासून नोंदले जाऊ लागले. म्हणून त्यापूर्वीच्या पत्रकात एका घरात दिसणारी मुले त्याच घरची असतील असे गृहीत धरता येत नाही. 1890 च्या खानेसुमारीची पत्रके 1921 साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीमुळे जवळजवळ सर्वच नष्ट झाली. मैदानाचा मोठा भाग ज्या काळात वसला, नेमकी त्याच काळाची साक्ष अशी हरपली आहे.

खानेसुमारी आणि कादंबरी यांतील पहिला विरोध तिसऱ्या मुलीच्या, कॅरीच्या, बाबतीत दिसतो. कादंबऱ्यांत ही तान्ही मुलगी विस्कॉन्सिनच्या जंगलातील घरीच जन्मलेली आहे आणि ती आईच्या मांडीवर बसून कॅन्ससला येते. घरच्या बायबलात मात्र तिचा जन्म 3 ऑगस्ट 1870 रोजी कॅन्ससमधील माँटगोमेरी परगण्यात झाल्याचे लिहिलेले असून त्याच वर्षाच्या खानेसुमारीतही ती तेथेच आढळते. हा लेखिकेचा सोयीचा बदल म्हणता येईल. दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. 1 नोव्हेंबर 1875 रोजी या दांपत्यास एक पुत्र झाला आणि अवघ्या नऊ महिन्यांनी, 27 ऑगस्ट 1876 रोजी, तो मिनेसोटात वारला. चार्ल्स फ्रेडरिक हे त्याचे नाव. कादंबऱ्यांत त्याचा उल्लेखही नाही. दहा-दहा वर्षांनी होणाऱ्या दोन खानेसुमारींच्या मध्ये जन्मून वारलेले असे मूल सरकारी पत्रकातही सापडत नाही. लॉराने 1930 च्या सुमारास लिहिलेल्या आणि 2014 साली प्रकाशित झालेल्या आत्मवृत्तात मात्र तिने या भावाच्या मृत्यूविषयी लिहिले आहे. ती त्याला विसरली नव्हती. मुलांच्या पुस्तकात तिने त्याला घेतले नाही, एवढेच.

दुसरे आणि मैदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे साधन जमिनीच्या कागदपत्रांचे. 1785 च्या अध्यादेशानुसार सरकारी जमिनीची मोजणी चौकोनी पद्धतीने होऊ लागली. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एक गट, त्याचे 36 भाग, प्रत्येक भाग 640 एकरांचा आणि त्याचा चौथा हिस्सा 160 एकरांचा. 20 मे 1862 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ज्या होमस्टेड कायद्यावर सही केली, त्याने हा चौथा हिस्सा अल्प फी घेऊन वसाहतकाराला देण्याची तरतूद झाली. अर्जदार कुटुंबप्रमुख किंवा एकवीस वर्षांचा असावा, नागरिक असावा अथवा नागरिक होण्याचा इरादा त्याने जाहीर केलेला असावा, आणि पाच वर्षे त्याने जमिनीवर राहून ती कसावी, अशा अटी होत्या. अविवाहित स्त्रिया व विधवा यांनाही अर्ज करता येई. या कायद्याखाली सुमारे 16 लाख सनदा दिल्या गेल्या आणि 27 कोटी एकर जमीन खाजगी मालकीत गेली.

मुदत पुरी झाली की अर्जदाराने वर्तमानपत्रात सूचना द्यावी आणि दोन साक्षीदारांसह जबानी द्यावी असा नियम होता. घर केवढे, विहीर आहे की नाही, किती एकर नांगरले, कोणते पीक घेतले, घरात माणसे किती, हे सर्व तीत येई. आपल्याकडील वतनाच्या तंट्यातील करीना ज्यांनी वाचला आहे, त्यांना या जबान्यांचे मोल निराळे सांगावयास नको. चार्ल्स इंगल्स यांनी डी स्मेटजवळच्या जमिनीसाठी फेब्रुवारी 1880 मध्ये अर्ज केला आणि 1886 मध्ये आपला हक्क सिद्ध केला. या जमिनीपुरते कादंबरी आणि दफ्तर यांचे बरेच जुळते.

परंतु कॅन्ससमधील ज्या घराने हे घराणे जगप्रसिद्ध झाले, त्या जमिनीचा चार्ल्स यांच्या नावचा एकही हक्काचा कागद नाही. याचे कारण दफ्तर हरवले असे नव्हे. तसा कागद कधी झालाच नव्हता. इंडिपेन्डन्स गावापासून सुमारे तेरा मैलांवरची ती जमीन ओसेज लोकांच्या राखीव प्रदेशातील होती. कादंबरीत हे अंतर चाळीस मैल झाले आहे. 1869 मध्ये इंगल्स कुटुंब तेथे आले तेव्हा तो प्रदेश वसाहतीस खुला झालेला नव्हता. 1870 च्या गणकानेही त्या भागातील जमीन ओसेजांची असून वसाहतकारांचा तिच्यावर हक्क नाही, असा शेरा मारून ठेवला आहे. 15 जुलै 1870 रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून ओसेजांना दक्षिणेकडील इंडियन प्रदेशात हलविण्याची आणि त्यांची जमीन एकरी सव्वा डॉलर दराने वसाहतकारांना विकण्याची व्यवस्था केली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच कॅरीचा जन्म झाला. 1871 मध्ये इंगल्स कुटुंब मात्र जमीन न घेताच विस्कॉन्सिनला परतले. तेथील विकलेल्या शेताचे पैसे घेणाऱ्याकडून फिटत नव्हते. सरकारी सैनिक हाकलून देतील म्हणून निघावे लागले, ही कादंबरीतील हकिगत आहे.

येथे वंशशोधकाचे खरे कर्तव्य सुरू होते, असे आम्हांस वाटते. कर न देणाऱ्या इंडियन लोकांना त्या वेळी सर्वसाधारण खानेसुमारीतून वगळले जाई. म्हणून इंगल्स यांच्या शेजारी कोण गोरे वा काळे वसाहतकार राहत होते, ते पत्रकावरून नावानिशी कळते. पण ज्यांच्या जमिनीवर हे सर्व राहत होते, त्या ओसेज कुटुंबांची नावे त्या पानावर नाहीत. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्त्यांत त्या प्रदेशात माणसे नव्हती, केवळ इंडियन होते, अशा अर्थाचे एक वाक्य होते. एका वाचकाने 1952 मध्ये त्याकडे लक्ष वेधले, आणि 1953 च्या आवृत्तीत माणसांच्या जागी वसाहतकार असा शब्द घालण्यात आला. लॉराने आपली चूक मोकळेपणाने मान्य केली होती. वृद्धपणी एक शब्द बदलून तिने जे केले, तेच शोधकाने आपल्या टिपणात आरंभापासून केले पाहिजे.

चार्ल्स आणि कॅरोलाइन यांना चार मुली होत्या. त्यांची एकच नात, रोझ, मोठी झाली आणि 1968 मध्ये ती निपुत्रिक वारली. तेथे हा वंश खुंटला. आज त्या घराण्याविषयी जे सांगता येते, ते कागदांच्या आणि पुस्तकांच्याच आधारे. ओसेजांचा वंश मात्र ओक्लाहोमात नांदत आहे आणि आपला इतिहास स्वतः सांगत आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची घराणी मूळ गाव सोडून इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अशा दूरच्या ठिकाणी स्थिरावली आहेत. त्यांचा कुलवृत्तांत लिहिताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या, अशी आमची विनंती आहे. माहेरची बाजू सासरच्या इतक्याच काळजीने लिहावी. अल्पवयात गेलेल्या मुलांची नावे गाळू नयेत. आणि जी जमीन घराण्यास मिळाली, ती त्यापूर्वी कोण कसत होते, याची चौकशी करून उत्तर सापडेल ते, आपल्या पूर्वजांना अडचणीचे असले तरी, नोंदवावे.