आवाज आपोआप कां उतरतो?

आमचे थोरले बंधु वयाच्या बहात्तराव्या वर्षीं संगणकावर गाणें ऐकावयास शिकले. रात्रीं जेवण आटोपलें कीं खोलींतला दिवा मालवावा, खुर्चींत रेलून डोळे मिटावे आणि एखादा विलंबित ख्याल अथपासून इतिपर्यंत ऐकावा, असा त्यांचा क्रम तीन वर्षें चालला होता. गेल्या पावसाळ्यांत तो एकाएकीं मोडला. वहिनींनीं कारण विचारलें तेव्हां कांहींबाही सांगून त्यांनीं वेळ मारून नेली. पुढें मात्र मला एकट्याला गाठून म्हणाले, "अरे, माझे कान गेले. आलापी सुरू होते तेव्हां सगळें स्वच्छ ऐकूं येतें. पण थोड्या वेळानें गवई जणूं उठून शेजारच्या खोलींत जाऊन बसतो."

एवढ्यावरच भागलें नव्हतें. परगांवीं असलेल्या मुलीशीं ते संगणकावरून तासतास बोलत असत. आतां दोन वाक्यें झालीं कीं "आईशीं बोल" म्हणून खुर्ची सोडून उठूं लागले. नीट ऐकूं न आल्यानें भलतेंच उत्तर जाईल, ही भीति. श्रवणयंत्रांच्या किंमतींची चौकशीहि त्यांनीं गुपचूप करून ठेवली होती.

मीं त्यांच्या शेजारीं बसून तेंच गाणें ऐकलें. वीसएक मिनिटांनीं आवाज उतरला, आणि तो मलाहि उतरलेला ऐकूं आला. दोन माणसांचे कान कांहीं एकाच क्षणीं जात नाहींत! दोष यंत्रांत होता. इतकी साधी परीक्षा दादांना दोन महिने सुचली नाहीं, याचें मला नवल वाटत नाहीं. उतारवयांत माणूस पहिला आळ स्वतःच्या शरीरावरच घेतो.

येथेंच एक गोष्ट बजावून ठेवतों. शेजारच्याला आवाज स्थिर वाटतो आणि आपल्यालाच तो कमीजास्त भासतो, असें असेल तर संगणकाला हात न लावतां कानांच्या डॉक्टरांकडे जावें. पुष्कळ वेळां कानांतला मळच निघतो. परंतु एका कानाचें ऐकणें एकदोन दिवसांत एकाएकीं मंदावलें असेल, तर दिरंगाई अगदीं करूं नये. त्या दुखण्यावर उपचार जितका लवकर, तितका गुण येण्याचा संभव अधिक. आठवडे लोटले म्हणजे तो फारच कमी होतो.

आतां यंत्राकडे वळूं. संगणकांत गाणें असतें तें आंकड्यांच्या रूपानें; प्रत्येक बाजूसाठीं सेकंदाला सामान्यतः ४४,१०० किंवा ४८,००० आंकडे. हे आंकडे प्रथम गाणें वाजविणाऱ्या प्रोग्रामच्या हातीं येतात, तेथून विंडोजसारख्या मूळ कार्यप्रणालीकडे जातात, आणि शेवटीं ध्वनीच्या चिपमध्यें त्यांचें विजेच्या लहरींत रूपांतर होतें. या ठिकाणापर्यंत आवाज लहानमोठा व्हावयाचा तर कोणीतरी त्या आंकड्यांना भागलें किंवा गुणलें पाहिजे. आंकडा आपण होऊन झिजत नाहीं, गंजत नाहीं, सैल होत नाहीं. चिपच्या पुढें मात्र तार, पिन, सॉकेट, फिरवावयाचें बटण आणि स्पीकर, असा सारा धातूचा आणि धुळीचा प्रांत लागतो.

हा भेद ध्यानांत आला कीं अर्धें काम झालें. आज्ञेनें उतरलेला आवाज दोन्ही कानांत सारखा उतरतो, खरखर करीत नाहीं, आणि बहुधा कशाच्या तरी पाठोपाठ उतरतो. धातूच्या दोषानें उतरलेला आवाज बहुशः एका बाजूचा, कुरकुरणारा आणि तार हलविली कीं बदलणारा असतो.

पण या दोहोंच्याहि आधीं खुद्द ध्वनिमुद्रणाचा निकाल लावावा. तेंच गाणें पुन्हां लावा आणि घड्याळाकडे पाहा. पहिल्यानें ज्या मिनिटाला आवाज उतरला त्याच मिनिटाला तो पुन्हां उतरला, तर तो मुद्रणांतच तसा आहे. संगणकाशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या पातळीवर मुद्रित झालेलीं गाणीं एकामागून एक लावलीं म्हणजेहि हाच भास होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २००६ सालीं कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली, आणि तिच्याच आधारें युरोपच्या प्रसारण संघानें २०१० सालीं कार्यक्रमांची पातळी ठरवून दिली. गाणीं ऐकविणाऱ्या बऱ्याच सेवा आतां अशाच मोजमापानें सगळीं गाणीं एका पातळीवर आणतात. आपल्या घरच्या संग्रहांतल्या फायलींवर हा संस्कार झालेला नसतो, इतकेंच.

मुद्रण निर्दोष ठरलें, तर आज्ञा देणारा शोधावा. विंडोजमध्यें २००९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून एक सोय आहे. कोणाशीं संभाषण सुरू झालें असें संगणकाला वाटलें, कीं तो इतर सारे आवाज आपण होऊन खालीं आणतो. कोणी सांगितलें नसतांनाहि तो ते ८० टक्क्यांनीं कमी करतो, कारण मुळांत सोय तशीच लावलेली असते. बोलणाऱ्याला ही सोय खरोखर उपयोगी. पण संभाषणाचा एखादा प्रोग्राम मागें उघडा राहिला असला, तर गाणें ऐकणाऱ्याला विनाकारण हाल. उपाय मात्र सोपा आहे. सेटिंग्जमध्यें सिस्टिम, त्यांत साउंड, आणि अगदीं तळाशीं मोर साउंड सेटिंग्ज असें उघडावें. जी लहान खिडकी येईल तींत कम्युनिकेशन्स या नांवाचें पान आहे. तेथें चार पर्याय दिसतील. त्यांतला शेवटचा, डू नथिंग, निवडावा. त्याच वेळीं व्हॉल्यूम मिक्सरहि पाहून घ्यावा. तेथें प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा लावतां येतो; मूळ आवाज शंभरावर असून गाण्याचा प्रोग्राम मात्र वीसावर अडकलेला, असें पुष्कळ घरीं आढळतें.

दुसरा आज्ञा देणारा अधिक सूक्ष्म आहे, आणि तो समजावयाला आपल्या जुन्या रेडिओची आठवण उपयोगी पडेल. लघुलहरींवरचें दूरचें केंद्र ऐकतांना आवाज लाटेसारखा येई आणि जाई. लहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युद्भारित थरांवरून परावर्तित होऊन येत, आणि ते थर स्थिर नसत. यावर हॅरोल्ड व्हीलर या अमेरिकन इंजिनियरानें १९२५ सालीं युक्ति काढली: येणारा संदेश क्षीण झाला कीं रेडिओनें स्वतःच आपली वर्धनशक्ति वाढवावी, सबळ झाला कीं कमी करावी. पुढें ही व्यवस्था बहुतेक सर्व रेडिओंत आली. संगणकांतलें लाउडनेस इक्वलायझेशन हें तिचेंच दूरचें भावंड म्हणावयास हरकत नाहीं. हळू आवाज मोठा करावा, मोठा आवाज दाबावा, हें त्याचें काम. चित्रपटांतील कुजबुज ऐकूं येण्याला तें फार चांगलें. ख्यालाला मात्र तें मारक आहे. गवई श्वासासाठीं थांबला कीं यंत्राला वाटतें आवाज पडला, म्हणून तें वर्धन वाढवितें आणि मागचा तंबोरा एकदम फुगून पुढें येतो; गवयानें पुन्हां षड्ज लावला कीं तंबोरा मागें लोटला जातो. ज्यांना गाण्यांत तंबोरा असा श्वास घेतांना ऐकूं येतो, त्यांनीं साउंडमध्यें आपल्या स्पीकरचें वा हेडफोनचें पान उघडून ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करावीं. मीं स्वतः तीं कायमचीं बंद ठेवलीं आहेत. मंद्रांतला स्वर हळूच यावयाचा असतो. तो मोठा करून ऐकण्यांत काय मिळतें हें मला कळलेलें नाहीं.

बिनतारी हेडफोनचें दुखणें आणखी निराळें. त्याला ब्लूटूथवर दोन वेष आहेत: एक ऐकण्याचा, दुसरा बोलण्याचा. एखाद्या प्रोग्रामनें त्याचा मायक्रोफोन उघडला कीं तो बोलण्याच्या वेषांत शिरतो, आणि गाणें एकदम टेलिफोनवरून यावें तसें पातळ होतें. अशा वेळीं मायक्रोफोन म्हणून दुसरें कांहीं निवडावें, कीं तो पूर्वरूपास येतो.

धातूच्या प्रांतांत बुद्धीपेक्षां हात अधिक चालवावा लागतो. हेडफोनची पिन पेटीच्या पुढल्या सॉकेटमध्यें असेल तर ती काढून मागच्या हिरव्या सॉकेटमध्यें घालून पाहावी. पुढचें सॉकेट रोजच्या घालण्याकाढण्यानें आधीं सैल होतें. नंतर तोच हेडफोन दुसऱ्या यंत्राला लावावा. दोष बरोबर गेला तर तो हेडफोनचा, मागें राहिला तर संगणकाचा. एका वेळीं एकच वस्तु बदलावी. दोन एकदम बदलल्या कीं गुण कशाचा हें कळत नाहीं. येथें एक मोठा चमत्कारिक प्रकार दिसतो. पिनेवर डावी बाजू, उजवी बाजू आणि दोहोंची सामायिक परतवाट असे तीन जोड असतात. ही परतवाट सुटली कीं दोन्ही बाजूंना जें समान असेल तें नाहींसें होतें, आणि उरतो तो केवळ दोहोंतला फरक. गाणारा बहुधा मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा मुद्रित केलेला असतो. म्हणून तोच नेमका दूर जातो आणि वाद्यें व घुमारा मागें राहतो. पिन पूर्ण आंत ढकलली कीं गवई परत येतो! स्पीकरचें फिरवावयाचें बटण फिरवितांना खरखरत असेल तर आंतल्या पट्टीवर धूळ बसली आहे किंवा ती झिजली आहे. वीज बंद करून तें बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरावीस वेळां फिरवावें. त्यानें न भागलें तर कारागिराकडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्यावा.

ध्वनीचा ड्रायव्हर काढून नवा घाला, हा सल्ला जो तो प्रथम देतो. मी तो शेवटीं ठेवीन. एखादें अपडेट झाल्याच्या दिवसापासूनच खोड सुरू झाली असेल तर गोष्ट निराळी.

आपला आवाज पलीकडच्याला वरखालीं ऐकूं जातो अशी तक्रार घरून शिकविणाऱ्यांची असते. तेथेंहि व्हीलरचीच युक्ति मायक्रोफोनला लावलेली असते. संभाषणाच्या प्रोग्राममध्यें मायक्रोफोनचा आवाज आपोआप जुळविण्याची खूण असते, ती काढावी आणि पातळी हातानें ठरवावी. पंखा तोंडासमोर नसावा हें वेगळें सांगावयास नकोच.

आणि दादांचें काय झालें? त्यांचा आवाज दोन्ही कानांत सारखा, खरखर न होतां, पण थोडथोडा उतरे. मागें कोणताहि प्रोग्राम उघडा नव्हता. गाणें पुन्हां लावलें तर आवाज भलत्याच मिनिटाला उतरे. म्हणजे आज्ञा कोणीतरी देत होतें खास. मीं त्यांना डोळे मिटूं दिले आणि स्वतः पडद्याकडे पाहत बसलों. सुमारें पाव तासानें पडद्यावर आवाजाची पट्टी क्षणभर उमटली: ५८. मग ५६. थोड्या वेळानें ५४. कळफलकावरची आवाज कमी करण्याची कळ एकदां दाबली कीं विंडोज दोन अंश उतरतें. कळफलक उपसून काढला, आणि आवाज तासभर जागचा हलला नाहीं.

"यावर कधीं कांहीं सांडलें होतें काय?" मीं विचारलें. दादा गप्प राहिले. वहिनी दारांतून म्हणाल्या, "उन्हाळ्यांत चहा." उन्हाळ्यांत तो वाळून गेला होता, पावसाळ्यांत साखरेनें हवेंतला ओलावा ओढून घेतला आणि ती कळ आंतल्याआंत मधूनमधून आपोआप दाबली जाऊं लागली. दादा डोळे मिटून ऐकत, म्हणून पट्टी त्यांना कधीं दिसली नाहीं. आणि दुसऱ्या दिवशीं मुलीशीं बोलावयास बसत तेव्हां रात्रीं उतरलेला आवाज तसाच असे.

नवा कळफलक आणला. त्या रविवारीं मुलीशीं बोलतांना दादा पाऊण तास खुर्चीवरून उठले नाहींत. चहाचा पेला मात्र वहिनींनीं तेव्हांपासून खिडकींत ठेवावयास सुरुवात केली आहे.