पिंप उतरलं, नोकऱ्या गेल्या

जुनी वर्तमानपत्रं चाळण्याचं मला वेड आहे आणि त्यातही ऑक्टोबर २००८ चे अंक पुन्हा पुन्हा काढावेसे वाटतात. कारण त्यातल्या दोन बातम्या एकमेकींना खोटं पाडतात.

पहिली सर्वांना आठवत असेल. ११ जुलैला कच्चं तेल पिंपामागे १४७ डॉलरला भिडलं. आपल्याकडच्या विमान कंपन्यांचा सुमारे ४० टक्के खर्च इंधनावरच होतो, त्यामुळे सगळ्यांची तारांबळ उडाली. १३ ऑक्टोबरला जेट एअरवेज आणि किंगफिशर या हाडवैरी विमान कंपन्यांनी हातमिळवणी केली. दोनच दिवसांत जेटने ८०० जणांना घरी बसवलं आणि आकडा १,९०० वर जाणार असल्याचं सांगितलं. बरेचसे केबिन क्रूचे, प्रोबेशनवरचे. मुंबई विमानतळावर मुलंमुली गणवेशातच घोषणा देत उभी राहिली, मग मनसेच्या राज ठाकरेंकडे गेली. परत घेतलं नाही तर महाराष्ट्रातून जेटचं विमान उडू देणार नाही, असं त्यांनी बजावलं. १६ तारखेच्या रात्री जेटचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी माफी मागून सगळ्यांना परत घेतलं. दबाव वगैरे काही नव्हता, म्हणाले. वाचकांनी काय ते समजावं.

दुसरी बातमी अर्थविषयक पानावरची. त्याच १६ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये तेल ७० डॉलरच्या खाली बंद झालं. म्हणजे नोकऱ्या गेल्या तेव्हा पिंपाचा भाव जुलैच्या निम्म्यावर आला होता! उन्हाळ्यातल्या महाग इंधनाचा तोटा खरा होता, प्रवासीही घटले होते. पण जेटने २००७ मध्ये १,४५० कोटींना घेतलेली एअर सहारा आणि कर्जाचा डोंगर यांचं खापर तेलावर कसं फोडायचं?

करांची कथा वेगळीच. एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, जीएसटीबाहेर आहे. व्हॅट राज्यागणिक बदलतो. मुंबईत तो २५ टक्के होता, २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ वर आणला. म्हणून वैमानिक स्वस्त राज्यात टाकी जास्त भरून घेतात. याला टँकरिंग म्हणतात. जादा वजनापायी थोडं इंधन फुकट जळतं, तरी परवडतं. कंपनीला अशी पळवाट सापडते. बॅगा चढवणाऱ्या लोडरने पगार कुठल्या राज्यातून भरून आणावा?

२०१८ मध्ये तोच खेळ पुन्हा. ऑक्टोबरात ब्रेंट तेल ८६ डॉलरवर, डिसेंबरात ५० च्या आसपास. तेल उतरलं, जेटचे थकलेले पगार मात्र निघाले नाहीत. ५ एप्रिल २०१९ ला इंडियन ऑइलने थकबाकीपायी इंधन रोखलं. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेलं विमान जेटचं शेवटचं ठरलं. या वेळी माफी मागायला गोयलही खुर्चीत नव्हते. मार्चमध्येच पायउतार झाले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला.

भाव चढला की कात्री आधी पगाराला लागते. उतरला की त्याचा लाभ धनको घेऊन जातात. तेव्हा 'इंधन महागलं म्हणून' नोकरकपात झाल्याचं पुन्हा वाचाल, त्या दिवशी पिंपाचा भाव आधी पाहा आणि मग कंपनीचा ताळेबंद उघडा.